घरटी एक थुंकी

देशाला आमच्या गावाच्या थुंकीची गरज आहे, असे गावकीच्या बैठकीत सांगण्यात आले.

सांगणाऱ्या रोशनी मॅडम भिवंडीहून आल्या होत्या आणि त्यांचा हुद्दा 'समुदाय सहभाग समन्वयक' असा होता. त्या म्हणाल्या, आपल्या देशातल्या लोकांच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या जे फरक चालत आले आहेत, त्यांचा पुरेसा अभ्यास झालेला नाही. औषधे परदेशी माणसांवर तपासली जातात आणि घ्यावी आपल्याला लागतात. कोणत्या समाजाला कोणते औषध मानवत नाही, हे कळायला हवे. त्यासाठी सुई नको, रक्त नको. एका नळीत थुंकायचे.

"आम्ही नुसते नमुने घेऊन जाणारे नाही," त्या म्हणाल्या. "हा तुमचाच प्रकल्प आहे. आम्हाला तुमचा सहभाग हवा."

सहभाग आमच्या गावाला नवा नाही. अंजूरच्या पुढे खाडीला लागून आमचे गाव आहे. शेते गोडाऊनखाली गेली, पण गावकी शिल्लक आहे. तलावातला गाळ काढायचा असो की हळदीच्या मांडवाला खांब रोवायचे असोत, गावकी सांगते आणि प्रत्येक घर एक माणूस देते. माणूस कोणता, हे कोणी विचारत नाही. ज्या घरातले सगळे ड्युटीवर असतील, ते घर शेजारचा माणूस उभा करते आणि तो त्या घराच्या नावाने काम करतो. याला आमच्यात खोटेपणा म्हणत नाहीत, शेजार म्हणतात.

गावकीचे पुढारी रामनाथदादा यांनी तिथल्या तिथे निर्णय दिला. "घरटी एक थुंकी. जो देनार न्हाय, त्याच्या हळदीला गाव जानार न्हाय."

रोशनी मॅडमनी 'ऐच्छिक संमती, शंभर टक्के' अशी नोंद केली.

नळ्या गोळा करण्यासाठी त्यांनी माझ्या बायकोला, ठकुबाईला, 'सहभाग सेविका' नेमले. तिला एक टोपी आणि एक पिशवी मिळाली. मग नियम सांगण्यात आला. थुंकणाऱ्याच्या तोंडात तंबाखू, गुटखा, मिश्री यांचा अंशही असता कामा नये.

हा नियम ज्याने केला, तो आमच्या गावात कधी आलेला नसावा. गोडाऊनवर माल उतरवणारा माणूस तंबाखूशिवाय गाडीला हात लावत नाही आणि आमच्या बायकांचा दिवस मिश्री लावल्याशिवाय उजाडत नाही. शेजारच्या धोंडूबाईने नळी हातातही घेतली नाही.

"मिश्री न लावता मी तोंड उघरलं त सुनेला शिव्याच जातील. आनि थुकी नेऊन कोनी करनी केली त? मना न्हाय जमनार, ठके."

ज्या दोनचार घरांनी हौसेने थुंकले, त्यांच्या नळ्या लाल-तपकिरी निघाल्या आणि बाद झाल्या. ठकू पिशवी घेऊन परत आली आणि ओट्यावर बसली. आमच्या आळीत मिश्री, तंबाखू, पान यांपैकी काहीही न लावणारी ती एकटीच होती.

"अवो, अर्धा गाव ड्युटीवर हाय, आनि राहिलेल्याच्या तोंडात तंबाखू हाय," ती म्हणाली. "रिकाम्या नळ्या नेल्या त त्या भिवंडीवाल्या पोरीची नोकरी जाईल."

"मग?"

"मग काय? मांडवाला खांब रोवताना धोंडूबायच्या घरचं कोन उभं रातं? मीच ना? थुकी काय खांबापरीस जड हाय?"

तोंडात काही घालायचे नव्हते, म्हणून तिने मला कैरी कापून, वर मीठ-तिखट घालून समोर ठेवायला लावली. कैरीकडे बघायचे आणि नळी भरायची. संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडाला कोरड पडली. रामनाथदादांच्या घरची नळी भरताना मला दुसरी कैरी कापावी लागली.

"दादांची जरा भरून देते," ती म्हणाली. "पुढारी हायेत."

अशा रीतीने गावाचा सहभाग पूर्ण झाला.

पुढे नमुन्यांची तपासणी झाली. आमच्या गावात माणसामाणसांत काडीइतकाही फरक नाही, हे पाहून शास्त्रज्ञ थक्क झाले. इतका एकजिनसी समाज त्यांनी पाहिला नव्हता. पुरुषांच्या नावाच्या नळ्यांतही बाईच निघाली. त्याबद्दल अहवालात 'महिलांचा सहभाग लक्षणीय' असे नमूद करण्यात आले. आणि भूल देताना वापरतात त्यांपैकी एक औषध या समाजाच्या अंगात विरत नाही, श्वास बंद राहतो, असेही आढळले.

ही माहिती महत्त्वाची होती. म्हणूनच ती लगेच सांगता आली नाही. निष्कर्ष आधी समाजाला द्यायचा, आणि तोही सन्मानाने, असे प्रकल्पाचे धोरण होते. सन्मानाला मंडप लागतो, मंडपाला प्रमुख पाहुणे लागतात आणि पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती.

त्या पावसाळ्यात ठकूच्या पोटात दुखू लागले. पित्ताशयात खडे होते. भिवंडीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरले. आत जाताना तिने बांगड्या काढून माझ्याजवळ दिल्या आणि म्हणाली, "भात लावून ठेवा, आपली पोर हेमाली कामावरून भुकेली येल." तिला भूल दिली. ऑपरेशन नीट झाले. श्वास परत आला नाही.

डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "काहींच्या अंगात हे औषध विरत नाही, काका. आधी कळायला मार्ग नसतो."

तिचे तेरावे झाले आणि पाहुण्यांची तारीख मिळाली.

शाळेच्या पटांगणात मंडप उभा राहिला. प्रकल्पाच्या मोठ्या साहेबांनी निष्कर्ष वाचून दाखवला. भुलीच्या औषधाचे ऐकून मी उभा राहिलो.

"साहेब, हे तुम्हाला कधी कळलं?"

"पावसाळ्याच्या बरंच आधी," ते अभिमानाने म्हणाले. "पण समाजाला डावलून एखाद्या व्यक्तीला परस्पर सांगणं, हा समाजाचा अपमान झाला असता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग 'उत्कृष्ट सहभाग' म्हणून ठकुबाईच्या नावाने शाल पुकारली गेली. ती मी घेतली. आमच्यात दुसऱ्याच्या नावाने उभे राहिलेले चालते.

गावाला मात्र या निष्कर्षाचा फार आनंद झाला. औषधाचा भाग कोणी मनावर घेतला नाही. फरक नाही, म्हणजे भेसळ नाही, एवढे सर्वांना समजले. वेशीवर 'शास्त्रसिद्ध शुद्ध समाज' असा फलक लागला. सोयरीक जुळवताना मुलाच्या पगाराआधी गावाच्या अहवालाची गोष्ट निघू लागली.

मी रामनाथदादांना एकटे गाठले. "दादा, ती सगळी थुकी ठकूची हाय. आणि ठकू इथली न्हाय, शहापूरकडची. लग्न करून आलेली."

दादा म्हणाले, "केसरी, तुजं दुख मना समजतं. पन गावाला पैल्यांदा शुद्ध हाय असं कोनी लिहून दिलंय. आता तोंड उघरू नको."

मी गप्प बसलोही असतो. पण दिवाळीनंतर हेमालीच्या पोटात दुखू लागले. आईसारखेच खडे. ती पिवळी पडली. आम्ही त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गावाचे नाव वाचले आणि पेन खाली ठेवले.

"तुमच्या गावाचं ऑपरेशन आम्ही करत नाही, काका."

"गावाचं न्हाय, डॉक्टर. पोरीचं."

"दुसरं औषध आहे. पण ते द्यायला मोठ्या रुग्णालयात जावं लागेल, आणि तिथे तिचा स्वतःचा जनुकीय रिपोर्ट मागतात. तो प्रकल्पाकडून आणा. लवकर आणा."

प्रकल्पाचे कार्यालय नारपोलीत, एका लूमच्या कारखान्याच्या वर होते. खाली शिफ्ट चालू असली की वर कान बधिर होतात. त्यामुळे तिथली सगळी गोपनीय माहिती ओरडून सांगावी लागते.

"काका, वैयक्तिक माहिती देता येत नाही!" रोशनी मॅडम ओरडल्या. "गोपनीयता आहे!"

"मग हेमालीची थुंकी घ्या!" मी ओरडलो.

"तुमच्या समाजाचा कोटा भरला! आता तुमच्यात शिकण्यासारखं काही राहिलं नाही!"

"मॅडम, ते सगळे नमुने माझ्या बायकोचे आहेत!"

नेमके तेव्हाच वीज गेली आणि लूम थांबले. माझे वाक्य जिन्यात दोनदा घुमले. खालून एका कारागिराने मान वर केली. "चाचा, पूरा गाँव आपकी बीवी है?"

रोशनी मॅडमनी दार लावले. त्या खुर्चीत बसल्या आणि प्रथमच हळू आवाजात बोलल्या. "काका, हे पुन्हा कुठे बोलू नका. तो अहवाल परदेशात वाचला गेलाय."

"पोरगी पिवळी पडलीय, मॅडम. अहवालाचं मला काय करायचंय?"

त्यांनी बराच विचार केला. मग हेमालीची नळी 'तक्रार निवारण' या सदरात घ्यायचे ठरले. हेमाली थुंकली. तिच्यासमोर कैरी धरायला हंगाम नव्हता, म्हणून मी चिंच धरली.

निकाल घेऊन मोठे साहेब स्वतः आले. त्यांचा चेहरा गंभीर होता.

"ही मुलगी तुमच्या समाजाशी अर्धीच जुळते. अर्धा भाग बाहेरचा आहे."

"बाहेरचा म्हणजे?"

"सांगायला संकोच वाटतो. पण तो वडिलांकडून आलेला दिसतो."

माझ्या पणजोबाच्या पणजोबाने या खाडीला बांध घातला होता. तो बांध आता गोडाऊनच्या फरशीखाली आहे, पण गावात सगळ्यांना तो ठाऊक आहे. तरी शास्त्रापुढे मी काय बोलणार? माझ्या गावात मी उपरा ठरलो. शहापूरहून पत्र्याची पेटी घेऊन आलेली माझी बायको मात्र गाव ठरली. गावकीने बैठक घेतली आणि माझ्या घराला 'घरटी एक' मधून वगळले. धोंडूबाई दारात येऊन म्हणाली, "मना पैल्यापासून तुजं नाक येगळं वाटत होतं."

डॉक्टरांनी निकाल वाचला आणि ते हसले. "अर्धंच आहे ना? मग औषध विरतं. काळजी नको. तरी मोठ्या रुग्णालयात ते वापरणारच नाहीत." हेमाली अर्धी बाहेरची असल्यामुळे मोठ्या रुग्णालयाने तिला लगेच दाखल करून घेतले. ऑपरेशन झाले. मी दाराबाहेर ठकूच्या बांगड्या मुठीत धरून उभा होतो. आत हेमालीने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "बाबा जेवले का?"

माझ्या उपरेपणामुळे माझी मुलगी वाचली. त्याबद्दल मी प्रकल्पाचा आभारी आहे.

थोड्याच दिवसांत रामनाथदादा मागच्या दाराने माझ्याकडे आले. त्यांना हर्निया होता आणि त्यांना कोणी हात लावायला तयार नव्हते.

"केसरी, माजी आजी बाहेरची होती असं कुठं लिहून घेता येल का रं?"

"दादा, तुम्ही तर शुद्ध."

"गप. शुद्ध वेशीवर. पोटात दुखतं तवा कसलं शुद्ध?"

"तुम्ही स्वतः नळीत थुंका, दादा. तुमचा निकाल गावाशी जुळणारच नाही, मार्ग मोकळा होईल."

"त्यासाठी तंबाखू सोरावी लागंल," ते म्हणाले आणि खिशातली पुडी चाचपत परत गेले. हर्निया अजून आहे. फलकही आहे.

प्रकल्प आता पुढच्या टप्प्यात गेला आहे. आमच्या गावाचे नमुने इतके स्वच्छ आणि एकसारखे होते, की साऱ्या किनारपट्टीसाठी तेच 'आधार नमुना' म्हणून नक्की झाले आहेत. यापुढे इकडच्या कोणाचीही तपासणी झाली, की त्या नमुन्याशी ताडून पाहतात. जुळले, तर खाली 'सामान्य' असे छापतात. रोशनी मॅडमना बढती मिळाली. ठकूला हे कळले असते, तर त्या पोरीची नोकरी टिकली म्हणून तिला बरे वाटले असते.

तुम्ही हे वाचताना हसला असाल. हसायला हरकत नाही. थुंकी मागायला लोक आले, तेव्हा तुमच्या घरूनही कोणी गेले नव्हते. तुम्हाला ड्युटी होती, किंवा तोंडात काहीतरी होते. तुमच्या घराच्या नावानेही ठकूच थुंकली आहे. तुमचा रिपोर्ट 'सामान्य' आला, तर पेढे जरूर वाटा. फक्त भूल घेण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा, सामान्य म्हणजे कोणासारखे.