उतरवलेलं लिंबू

"सरबत मी करतो," एवढंच मी म्हणालो. त्यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! आमची निशिगंधा आणि दिलसुखनगरचा हर्षद यांचं आपसात ठरलेलं. होकार बाकी होता तो फक्त त्याच्या आईचा, कुसुमताईंचा. त्या घर बघायला येणार होत्या. अंबरपेठेत ऊन मी म्हणत होतं आणि आमची चारुलता पुरणपोळ्या लाटत होती. अशा वेळी नवऱ्यानं मदत करू नये? (आधीचं स्थळ माझ्या मदतीमुळेच गेलं म्हणे. पाहुण्यांच्या गाडीला मी नुसता टेकलो होतो हो! आरसा आपणहून हातात आला.)

लिंबं ओट्यावरच होती. तळहाताखाली हल्लू हल्लू फिरवली, म्हणजे रस सुटतो. कापली, पिळली, बिया गाळल्या. साखर, मीठ, वेलदोडा, वरून सब्जा. चव घेतली आणि स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली, पण हात पोचेना.

पाहुणे आले. मी ऐटीत ट्रे फिरवला, जग टीपॉयवर ठेवला. तेवढ्यात चारुलतेनं आत बोलावलं.

"अहो, ओट्यावर वाटीशेजारी लिंबू होतं, ते कुठंय?"

"सरबतात. का?"

"अगं बाई! सकाळी निशीवरून उतरवलेलं होतं ते! चौरस्त्यावर टाकायचं होतं!"

पोरीला लागलेली अख्ख्या मोहल्ल्याची नजर मी साखर घालून तिच्या होणाऱ्या सासूला पाजत होतो! धावत बाहेर आलो. कुसुमताईंचा ग्लास ओठांशी पोचला होता.

"नक्को!" मी ओरडलो आणि ग्लास काढूनच घेतला. "म्हणजे... साखर बघायची राहिली."

आता कुठे ओतणार? घटाघट प्यायलो.

"बरोबर आहे का?" हर्षदनं विचारलं.

"तुझी बघतो," म्हणून त्याचाही रिकामा केला. मग जग उचलला. पोरीसाठी बाप काय वाटेल ते पितो!

"यांना शुगर आहे का?" कुसुमताईंनी हळूच विचारलं.

"कालपर्यंत नव्हती," चारुलता म्हणाली.

इतक्यात निशी बाहेर आली. मी तिच्या कानात सगळं सांगितलं, तर ही कार्टी खो खो हसायला लागली. "पप्पा, ते लिंबू मी मिठाई आणायला गेले तेव्हाच चौरस्त्यावर टाकलं की!"

हुश्श! जीव भांड्यात पडला. मग काय, सगळं उघड सांगावंच लागलं. कुसुमताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अहो, मीही निघताना हर्षदवरून लिंबू उतरवलंय! मुलगी पसंत आहे आम्हाला. फक्त एक अट."

"कोणती?" रिकामा जग खाली ठेवत मी विचारलं.

"लग्नात मुलीच्या बापाला सरबताच्या टेबलाजवळ फिरकू द्यायचं नाही."

बाणेदार उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. पण पोटात अख्खा जग होता. मला आधी बाथरूमकडे पळावं लागलं.