लेल्यांना डोकी हवीत

आमच्या शेजारचे लेले डब्याला कान लावून बसायचे. तेलाचा पत्र्याचा डबा, आत घराघरांतून मागून आणलेली भाजीची सालं, चहाचा चोथा, गूळ आणि आंबट ताक. "बोलतोय! आतून बोलतोय!" म्हणून मान डोलवायचे. लग्न केलं नव्हतं. केलं असतं तर बाईनं डब्यासकट बाहेर काढलं असतं.

ही खोपटच्या एसटी डेपोमागची गोष्ट, ऐंशीच्या पुढची. मी खाडीवरचा कोळी, शाळा चौथीत सुटली. खाडीत मासळी राहिली नाही तेव्हा डेपोत टायर बदलायला लागलो. लेले शिकलेले, ऑफिसातून रिटायर. वासावरून कुणी ओरडलं की त्यांचं एकच पालुपद : "कुजणं वेगळं, आंबणं वेगळं!" आता नाकाला काय कळणार वेगळं? एकदा झाकण घट्ट बसलं, उन्हात डबा फुगून फुटला आणि वरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरी रंगल्या. "खत फुकट गेलं," लेले हळहळले. चादरींचं नाव नाही. आणि एवढं करून मागच्या अंगणात पिकायची चार वांगी. तीही किडकी.

माणूस कांदासुद्धा न खाणारा. पण कुठंतरी वाचून आला, की माशांची डोकी गुळात आंबवून घातली की झाडं पिसाळतात. झालं! रोज आमच्या दारात. डबा पुढे, रुमाल नाकाला, तोंड भिंतीकडे.

"घे रे भाऊ तुझा नैवेद्य," माझी बायको हसायची. "एकदा खाऊन तरी बघ!"

"शिव शिव, वहिनी! झाडांना हवंय, मला नाही."

मग बायको गेली. मी स्टोव्हला हात लावणं सोडलं. चहा आणि पाव, पाव आणि चहा. लेल्यांचा डबा रिकामा परत जायला लागला.

"नाखवा, आजही काही नाही? एखादं साल तरी?"

"पावाला साल नसते, लेले."

डब्यात बघत उभे राहिले, मग गेले.

पुढच्या रविवारी पुन्हा दारात. एका हातात डबा, दुसऱ्यात पेपराचं पुडकं, अंगापासून लांब धरलेलं, ठिबकणारं. "मला फक्त डोकी हवीत. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

चार बांगडे. कल्ले उघडले, तर दोघांचे काळे.

"हे कुणी गळ्यात मारले?"

"बाजारात सगळ्या ओरडत होत्या हो. एक तेवढी शांत होती, तिच्याकडून घेतले."

"माल शिळा असला की कोळीण शांत बसते! लेले, कुजणं वेगळं, आंबणं वेगळं!"

शिळे दोन मी अख्खेच डब्यात घातले. बाकीच्या दोघांची डोकी कापून टाकली, डबा त्यांच्यापुढे सरकवला. "घ्या. झालं काम. जा आता."

गेले नाहीत. उंबऱ्यावर बसले. मी स्टोव्ह पेटवला, बांगडे तव्यावर टाकले. तो वास, तो धूर! लेल्यांचा चेहरा पिवळा पडला, पण हलले नाहीत. नाकाला रुमाल दाबून माझ्या ताटाकडे बघत राहिले, डब्याला कान लावून बसायचे तसे.

शेवटचा घास गिळला तेव्हा उठले. "बरं, येतो," म्हणाले आणि निघाले.

डबा उंबऱ्यावरच राहिला.