यार्डाचे अधिकृत तापमान

हवामान हा निसर्गाचा विषय असला, तरी त्याची नोंद हा कार्यालयाचा विषय आहे. आणि या दोहोंत मतभेद झाल्यास नोंद ग्राह्य धरावी, हे कोणीही समंजस माणूस मान्य करील. निसर्गाला सही करता येत नाही.

आमच्या यार्डात पुलांच्या काँक्रीटच्या तुळया क्रेनने उचलून मालगाडीच्या उघड्या वाघिणींवर ठेवतात. एका तुळईचे वजन आठ टन. ती साखळीला टांगलेली असते आणि खाली एक माणूस उभा राहून तिला हाताने जागेवर वळवतो. आमच्याकडे हिवाळ्यात नळ गोठतात आणि उन्हाळ्यात रुळावर उभे राहिले तर बुटाचे तळवे मऊ पडतात. अशा ठिकाणी साखळी कशी वागते, यावर लक्ष ठेवण्यासाठी 'टोकाचे हवामान व साखळी कक्ष' स्थापन झाला. मी त्या कक्षात पत्रलेखक आहे. कक्षाच्या यशाला तोड नाही, हे मी पगार घेतो म्हणून म्हणत नाही. गेल्या अकरा वर्षांत आमच्या यार्डात टोकाची थंडी एकदाही पडलेली नाही.

हे कसे साधले ते सांगतो, इतरांच्याही उपयोगी पडेल. सुरुवातीला थर्मामीटर यार्डातल्या खांबावर होता. पहिल्याच हिवाळ्यात त्याची काच तडकली. चौकशी समिती बसली. नाजूक उपकरण टोकाच्या हवामानात उघड्यावर ठेवणे हीच मुळात हयगय होती, असा समितीचा एकमुखी निष्कर्ष निघाला. तेव्हा नवा थर्मामीटर मोठ्या साहेबांच्या खोलीत, हीटरच्या उजव्या अंगाला, बसवण्यात आला. तेव्हापासून यार्डाचे अधिकृत तापमान चोवीस अंश आहे. (एकदा ते एकतीस झाले. साहेबांच्या सासूबाई भेटायला आल्या होत्या आणि त्यांनी हीटर वाढवला. आम्ही तत्काळ उष्णतेची लाट जाहीर करून कामगारांना सावलीत बसायला सांगितले. बाहेर बर्फ पडत होते.)

नियम स्वच्छ आहे. तापमान उणे पंधराच्या खाली गेले तर निम्मेच वजन उचलायचे, आणि तेही जुन्या साखळीने नव्हे, तर राखीव साखळीने. ही राखीव साखळी कार्यालयाच्या स्वागतकक्षात काचेच्या कपाटात आहे. तिला दरमहा तेल लावतात. पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. ती टोकाच्या हवामानासाठी राखून ठेवलेली असल्यामुळे आजही कोरी करकरीत आहे.

यार्डात रोज वापरतात ती साखळी मात्र कोरी करकरीत नाही. ती ज्याच्या ताब्यात असते त्या माणसाला सगळे फुटपट्टी म्हणतात, कारण तो रोज सकाळी खिशातून पोलादी पट्टी काढून कड्या मोजतो. हे काम त्याला कोणी सांगितलेले नाही. तीस वर्षे तो तुळईखाली उभा राहतो आहे, आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी, वर क्रेनच्या केबिनमध्ये बसून ती तुळई उचलते आहे. नवराबायकोंचे एकमेकांशी कामाच्या वेळी बोलणे फक्त हातवाऱ्यांनी होते. घरीही तसेच चालते, असे वहिनी म्हणतात, पण ते चेष्टेने.

या महिन्यात थंडीने कहर केला. साखळीवर बर्फाची साल चढू लागली. फुटपट्टीने ती खरवडून कड्या मोजल्या आणि मग दुसऱ्यांदा मोजल्या. त्याला जे दिसले ते त्याने चांगल्या अक्षरात लिहून काढले आणि लिफाफ्यात घालून कक्षाकडे पाठवले. लिफाफ्याचे पुढे काय झाले ते सांगतोच. पण त्याआधी वहिनी स्वतः साहेबांना भेटायला आल्या.

"साहेब, ही थंडी आहे का काय आहे! लोखंड ठिसूळ होतंय. जरा झटका बसला की कडी तुटणार," वहिनी म्हणाल्या. "राखीव साखळी काढा की बाहेर."

साहेबांनी मान वळवून थर्मामीटर पाहिला. "चोवीस आहे हो, वहिनी."

"अहो, तो तुमच्या हीटरला चिकटून बसलाय!"

"म्हणूनच तर अकरा वर्षं नीट चालतोय."

वहिनी तडक खाली गेल्या. दहा मिनिटांनी त्या आणि फुटपट्टी दोघे मिळून पंचेचाळीस किलोची साखळी जिन्यावरून खणाखणा ओढत वर घेऊन आले आणि साहेबांच्या टेबलासमोर गालिच्यावर तिचा ढीग केला. तिच्यावर बोटभर बर्फ होते. साहेबांनी कौतुकाने पाहिले आणि पाहणी समितीला बोलावणे धाडले. समितीचे तीन सदस्य चहा संपवून येईपर्यंत पाऊण तास गेला. त्यांच्या अहवालातले शब्द मी स्वतः टाईप केले आहेत: 'साखळीवर बर्फ आढळून आले नाही. गालिच्यावर पाणी आढळून आले. याबाबत संबंधितांकडून खुलासा मागवावा.'

फुटपट्टीने खुलासा दिला. त्यात त्याने इतकेच लिहिले होते की ते पाणी आधी बर्फ होते. तो असमाधानकारक ठरला.

आता लिफाफा. आमच्याकडे दोषांची दखल घेण्याची एक नियमावली आहे, तिचे कलम नऊ असे: 'साखळीतील दोष ज्या व्यक्तीच्या वाचनात प्रथम येईल, त्या व्यक्तीने काम तत्काळ थांबवावे व पुढील परिणामांस तीच जबाबदार राहील.' अपघात टळावेत म्हणून हे कलम केले होते. त्याने वाचन टळले. फुटपट्टीचा लिफाफा पंधरा दिवसांत सात टेबलांवर गेला आणि प्रत्येक टेबलावरून सीलबंद पुढे निघाला. भांडार अधिकाऱ्याने तर तो डोळे मिटून हातात घेतला. (लिफाफ्याचा कागद पातळ आहे.) मधल्या काळात साहेबांनी वहिनींना पुन्हा बोलावून धीर दिला. साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत.

"बोला वहिनी, मोकळेपणानं बोला. मनात काही ठेवू नका," ते म्हणाले. "फक्त लिहून देऊ नका."

"साहेब, खाली माझा नवरा उभा असतो. दुसऱ्या कोणाचा असता तरी मी हेच बोलले असते. पण हा माझा आहे."

"मग त्यांना म्हणावं, बाजूला व्हा. दुसरा माणूस उभा करू."

फुटपट्टी दाराशीच होता. तो म्हणाला, "नको. दुसऱ्याला काय माहीत? मला निदान उडी कुठल्या बाजूला मारायची ते ठाऊक आहे."

वहिनींनी पदराने नाक पुसले आणि त्या म्हणाल्या, "याचे गुडघे गेलेत साहेब. हा कसली उडी मारतोय!" मला त्या क्षणी फार वाईट वाटले, हे मी नाकारत नाही. पण दैनंदिन नोंदीच्या नमुन्यात तसा रकाना नाही.

काल संध्याकाळी तो लिफाफा माझ्या टेबलावर आला. वर शेरा होता: 'योग्य त्या व्यक्तीकडे पाठवावे.' मी तो उघडला नाही, मी मूर्ख नाही. मला दोन मुली आहेत, एकीचे लग्न ठरते आहे. मात्र कलम नऊ नीट अभ्यासल्यावर माझ्या लक्षात आले की त्यात 'वाचनात' असा शब्द आहे. लिहिण्याबद्दल कलम मूग गिळून बसले आहे. फुटपट्टीने अहवाल लिहिला म्हणून त्याला कोणी जबाबदार धरले नव्हते. तेव्हा मी त्याला गाठले आणि म्हटले, "काका, आत काय लिहिलंय ते तोंडी सांगा. मी दुसऱ्या कागदावर उतरवून घेतो."

त्याने सांगितले ते असे. दहा कड्यांची लांबी साखळी नवी असताना साठ सेंटीमीटर होती. आज ती साडेत्रेसष्ट आहे. त्रेसष्टला साखळी मोडीत काढावी, असे आमच्याच पुस्तकात छापलेले आहे, मग बाहेर थंडी असो वा ऊन. शिवाय हुकापासून सातव्या कडीला आडवी चीर आहे. नख घातले तर अडकते.

हे सर्व मी वर लिहिले आहे आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाहिलेले नाही. शुद्धलेखनाच्या काही चुका राहिल्या असल्यास उदार मनाने घ्याव्यात.

आता सकाळचे पावणेआठ झाले आहेत. खिडकीतून मला यार्ड दिसते. वहिनी क्रेनच्या शिडीवर अर्ध्यात थांबून खाली पाहत आहेत. फुटपट्टीने हातमोजे चढवले आहेत आणि तो वाघिणीजवळ आपल्या जागेवर जाऊन उभा आहे. आठाच्या भोंग्याला पहिली तुळई उचलली जाईल. ती थांबवण्याचा अधिकार कलम नऊप्रमाणे एकाच व्यक्तीला आहे, आणि अशी व्यक्ती आमच्या साऱ्या कार्यालयात मिळाली नव्हती. आपण आपणहून सापडलात, आणि तेही शेवटच्या परिच्छेदापर्यंत. आपला पत्ता आमच्याकडे नाही, त्यामुळे खुलासा मागवला जाणार नाही, निश्चिंत असावे. नोंदीपुरते एवढेच विचारतो: यानंतर काय वाचायला घेणार आहात?