खाली पाव्हणे, वर प्रभुलिंग

झाड छाटण्यात सोलापुरात आपला हात धरणारा कोणी नाही, असं भवानी पेठेतल्या प्रभुलिंगचं ठाम मत होतं. फांदी कापणं कुणालाही जमतं, उतरवता आली पाहिजे, हे तो गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत ऐकवायचा. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, खांद्यावर दोराचं वेटोळं अशा थाटात तो गेटातून शिरला की झाडसुद्धा जरा सावरून उभं राहायचं.

अक्कम्मांनाही त्यानं तसाच बिनधास्त शब्द दिला. त्यांच्या दारातल्या कडुनिंबाची एक जाड फांदी इतकी खाली आली होती, की उंच माणसाला वाकूनच घरात जावं लागे. आणि रविवारी त्यांच्या चंद्रिकेला बघायला पाहुणे येणार होते. चंद्रिका टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन काढायची. पोरगी हुशार, पण फटकळ. आधीचं स्थळ तिच्या एका उत्तरावर गेलं होतं. या वेळी निदान झाडानं तरी घोटाळा करू नये, एवढंच अक्कम्मांचं म्हणणं.

"काळजी सोडा, मावशी," प्रभुलिंग म्हणाला. "पाव्हणे आल्यावर अंगणात पान सुदिक दिसणार न्हाई."

रविवारी तो उशिराच आला. झाडावर चढला, पट्टा खोडाला अडकवला, फांदीला दोर बांधला, तो वरच्या बेचक्यातून ओढून घेतला आणि करवत चालवायला लागला. फांदी निम्म्याच्या वर कापून झाली असेल, तेवढ्यात शेजारचे वीरभद्रप्पा आले. त्यांची गच्चीवरची टाकी भरून वाहत होती.

"तुझी शिडी नेतो रे. आत्ता आणून देतो."

"न्या की," प्रभुलिंग वरून म्हणाला. शिडी गेली आणि गेटाशी गाडी थांबली.

पाहुणे लवकर आले होते. अक्कम्मा धावत झाडाखाली आल्या आणि वर बघत कुजबुजल्या, "हलू नकोस. बोलू नकोस. पाव्हणे आत गेले की उतर." मग गेटाकडे वळून गोड आवाजात म्हणाल्या, "या या, बर्री, आत बसू या."

पाहुण्यांमध्ये मुलगा अमरेश आणि त्याचे वडील मडिवाळप्पा. मडिवाळप्पांनी घाम पुसला आणि झाडाकडे पाहिलं. "आत कशाला? हितंच बसू की. काय गार सावली हाय."

अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या, नेमक्या अर्धवट कापलेल्या फांदीखाली. पानांआड बसलेल्या प्रभुलिंगनं खाली पाहिलं आणि पटकन पाय वर ओढून घेतले. हे मडिवाळप्पा त्याला चांगले ओळखत होते. त्यांच्या चिंचेचं काम टाळण्यासाठी सकाळीच त्यानं फोनवर थाप मारली होती, की मी वळसंगला पाहुण्यांकडं आलोय.

त्यात फांदी करकरली आणि जरा खाली झुकली. प्रभुलिंगनं दोन्ही मुठींनी दोर आवळला. आता सोडला, तर फांदी सरळ नवऱ्या मुलाच्या डोक्यावर.

चंद्रिका शेंगापोळीचं ताट घेऊन आली आणि मान खाली घालून बसली. आईनं तसं बजावलंच होतं. अमरेश बुटांकडे बघत होता. शेवटी मडिवाळप्पाच म्हणाले, "झाड छाटायला काढलंय वाटतं. आमच्या चिंचेसाठी एक माणूस धरलाय, पण तो सापडत न्हाई. थांबा, तुमच्यासमोरच लावतो फोन."

झाडावर कोंबडा आरवला. प्रभुलिंगच्या फोनची ती रिंग होती.

सगळ्यांनी वर पाहिलं. "शेजाऱ्यांचा हाय," अक्कम्मा घाईघाईनं म्हणाल्या. "झाडावरच बसतो."

"या वेळेला आरवतो?"

"त्याला वेळेचं भान न्हाई."

मडिवाळप्पांनी पुन्हा फोन लावला. कोंबडा पुन्हा आरवला. चंद्रिकेचे खांदे हलायला लागले. प्रभुलिंगनं एक हात सोडून फोन बंद करायला अंगठा दाबला, तो नेमका उचलला गेला.

"प्रभुलिंग, कुटं हायस?"

"वळसंगला, साहेब," तो सवयीनं बोलून गेला. आवाज फोनमधून आला आणि झाडातूनही आला.

मडिवाळप्पांनी फोन कानावरून काढून बघितला. परत कानाला लावला. "तितं काय करतोयस?"

प्रभुलिंगच्या मुठीतून दोर सरकायला लागला होता. "साहेब," तो काकुळतीनं म्हणाला, "तुमी सगळे खुर्च्या मागं घ्या. लवकर."

"वळसंगवरनं आमच्या खुर्च्या दिसतात तुला?"

"अहो, उठा!" चंद्रिका ओरडली. तिला फांदी दिसली होती. सगळे पटापट बाजूला झाले. अमरेश तेवढा शेंगापोळी हातात धरून तसाच उभा. तिनं त्याच्या हातातली पोळी काढून घेतली आणि खोडाशी लोंबणारं दोराचं टोक त्याच्या हातात दिलं. "धरा. पाय रोवा. मी सांगेपर्यंत सोडायचं न्हाई."

इस्त्रीच्या शर्टातला अमरेश दोराला लोंबकळला. चंद्रिकाही त्याच्या मागं येऊन ओढायला लागली. फांदी खोडापासून सुटली, गरकन फिरली, पण पडली नाही. "आता हळूहळू सोडा," ती म्हणाली. "हळू म्हणजे हळू. टॉवेल वाळत घालताय का?"

"तुम्ही नेहमी अशाच बोलता?" दोर सोडता सोडता अमरेशनं विचारलं.

"व्हय. आज गप्प होते ते खोटं होतं."

अमरेश असा हसला, की दोर सटकला. उरलेली हातभर उंची फांदीनं एकदम संपवली आणि ती शेंगापोळीच्या ताटावर विसावली.

अक्कम्मांनी डोळे मिटून घेतले. हेही स्थळ गेलं. उघडले तेव्हा मडिवाळप्पा रिकाम्या खुर्चीवर बसून पोट धरून हसत होते, आणि पोरं दोघं शिडी आणायला शेजारी गेली होती. बराच वेळ परत आली नाहीत. वीरभद्रप्पांनी मागाहून सांगितलं, की शिडी केव्हाच मोकळी होती, हीच दोघं जिन्यात बोलत बसली होती.

लग्न जमलं. अक्षता टाकायला प्रभुलिंग नवा शर्ट घालून गेला, तर तिथं त्याला अक्कम्मांच्या मैत्रीण सिद्धम्मा शोधतच आल्या.

"येत्या रविवारी आमच्या पोरीला बघायला येणार हायत. तू ये."

प्रभुलिंगची छाती फुगली. आपल्या हाताची कीर्ती मांडवापर्यंत पोचली होती. "कुठलं झाड हाय, मावशी? किती छाटायचं?"

"छाटायचं काय न्हाई," सिद्धम्मा म्हणाल्या. "तू नुसता वर बसून राहा."