त्याच रंगाचा लॅपटॉप

चंपाची खोडच ती. भागुबाईनं टपरीवर हिरवं कापड टाकलं, की आठवड्यात समोर चंपाच्या टपरीवरही हिरवं कापड. भागुबाईच्या पाटीवर 'घरगुती पिठलं-भाकरी', तर चंपाच्या पाटीवर 'अस्सल घरगुती'. भागुबाईनं तंबूंच्या बुकिंगसाठी लोणावळ्याहून लॅपटॉप आणला, तर ह्या बाईनं त्याच दुकानातून, त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा आणला. सगळ्या लोहगडवाडीला ठाऊक होतं. लाज तेवढी चंपाला नव्हती.

आता भागुबाईच्या लॅपटॉपचं वायफाय मेलं. आतलं कार्ड गेलंय, असं निलेशनं, तिच्या मुलानं, सांगितलं. त्यानं नवं मागवलं, ते लांबीलाच जास्त निघालं. दुसरं मापात बसलं, पण लॅपटॉप पुढं सरकेना. 'हे कार्ड मंजूर नाही' एवढंच पडद्यावर लिहून बसला. आणि वराळ्याच्या एका कारखान्याची चाळीस माणसं शनिवारी गडावर यायची होती. त्यांचा बुकिंगचा कागद मोबाईलवर उघडेना. आज संध्याकाळपर्यंत भरून पाठवला नाही, तर माणसं दुसरीकडं जाणार.

"आये, ह्याला त्याच्या कंपनीनं ठरवून दिल्यालंच कार्ड लागतंय. दुसरं किती बी चांगलं असू दे, घेत न्हाई."

"मंजी बाहेरची सून नको म्हनतोय." भागुबाईनं तवा उतरवला. "मग भावकीतली बघ की."

"जुनं मॉडेल हाय, दुकानात मिळंना. कुनाकडं असाच लॅपटॉप असंल, तर त्यातलं काढून..."

निलेश बोलता बोलता थांबला. दोघांनीही समोर पाहिलं.

चंपाच्या लॅपटॉपचा पडदा माकडानं उन्हाळ्यातच फोडला होता. तेव्हापासून तो पापडांवर वजन म्हणून होता.

भागुबाई पदर खोचून रस्ता ओलांडून गेली. वर्षभरात पहिल्यांदा.

"काय पायजे, आक्का?" चंपानं सावधपणे विचारलं.

"तुजा लॅपटॉप."

"त्यो फुटलाय."

"तोंड फुटलंय. पोटातलं एक कार्ड दे."

"आन मला काय?"

"शनिवारी चाळीस मान्सं हायती. भजी तुजी."

"पिठलं बी माजं."

"पिठलं माजंच. तुजं पिठलं खाऊन मान्सं गड चढायची न्हाईत."

चंपानं पापडांवरचं वजन काढलं. निलेशनं दोन्ही लॅपटॉप खाटेवर उताणे केले, स्क्रू काढले, इकडचं कार्ड तिकडं बसवलं, दोन बारीक वायरी टोचल्या. लॅपटॉप सुरू झाला. हूं की चूं न करता वायफाय धरलं. कागद उघडला, भरला, गेला. चहा उकळेपर्यंत कारखान्याचा होकारही आला.

"माज्या कार्डावर चाललं बरं का," चंपा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली.

भागुबाईनं तिच्या हातात चहाचा कप दिला.

"चंपे, नक्कल करावी तर तुज्यावानी. कंपनी सोडली न्हाईस, रंग सोडला न्हाईस. आता मी फ्रीज घेनार हाय. तू बी त्योच घे. सुटं भाग लागत्यात."