शिल्लक विश्रांती

"बेचाळीस किलोमीटर म्हणजे काय मोठंसं!" असं बावन्नाव्या वर्षी म्हणायला हिंमत लागते. भाऊसाहेबांकडे ती भरपूर होती. पाय जरा कमी पडत होते, पण पायांचं काय, आज ना उद्या होतील तयार!

त्याचं असं झालं, त्यांच्या लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली. लेक फिजिओथेरपिस्ट. ती म्हणाली, "बाबा, जायच्या आधी एक मॅरेथॉन दोघांनी मिळून धावू या." लहानपणी ती त्यांचं बोट सोडत नसे. आता तीच आपणहून बोलावत होती. नाही कसं म्हणणार?

लेकीने चौदा आठवड्यांचं वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलं. रविवारी लांब पल्ला, सोमवारी आणि शुक्रवारी संपूर्ण विश्रांती. "विश्रांती हासुद्धा सरावच असतो, बाबा. ती चुकवायची नाही."

"छे, छे! चुकवतोय कशाला?" भाऊसाहेब म्हणाले. ते चुकवणार नव्हतेच. ते साठवणार होते!

ऑफिसात सत्तावीस वर्षं त्यांच्याकडे रजेचं टेबल होतं. न घेतलेली रजा बुडत नाही, शिलकीत जमा होते, हे त्यांच्या रक्तात भिनलं होतं. मग विश्रांतीने काय घोडं मारलंय? आत्ता आठवड्याचे सातही दिवस धावायचं आणि शेवटच्या तीन आठवड्यांत सगळी विश्रांती एकदम घ्यायची. डायरीच्या शेवटच्या पानावर त्यांनी रीतसर रकाने आखले.

सोमवारी ते "दूध घेऊन येतो" म्हणून बाहेर पडत आणि दीड तासाने घामाने निथळत परत येत.

"गाय शोधत होतात का?" बायको विचारायची.

"रांग होती गं!"

नवव्या आठवड्यात ते जेवताना घास तोंडात ठेवून झोपले. दहाव्यात जिना उतरताना कठड्याला मिठी मारून उभे राहिले. बायकोला वाटलं, वय झालं. भाऊसाहेबांना वाटलं, तयारी जोरात चाललीय. शिल्लक वीस!

अकराव्या रविवारी ते लेकीबरोबर तीस किलोमीटर धावले, सोमवारी पहाटे 'दूध आणलं' आणि ऑफिसात जाऊन टेबलाशी बसले. समोर मंगळवारच्या रजेचे अर्ज होते, पुरते एकोणीस. त्यातून दोन-तीन मंजूर करून बाकीचे साहेबांकडे पाठवायचे, ही नेहमीची पद्धत. भाऊसाहेबांनी शिक्का उचलला. डोळे मिटले. हात मात्र सत्तावीस वर्षांच्या सवयीने चालूच राहिला. ठप्प, ठप्प, ठप्प!

मंगळवारी ऑफिसात दोनच माणसं हजर होती. भाऊसाहेब आणि साहेब.

खिडकीबाहेर रांग दाराच्याही पलीकडे गेलेली. साहेब स्वतः खिडकीवर बसले. पहिल्याच आजीबाईंनी त्यांना "तुम्ही नवीन का?" म्हणून विचारलं आणि फॉर्म कसा भरायचा ते समजावून सांगितलं.

"भाऊसाहेब!" साहेब दुपारी ओरडले. "एकोणीसच्या एकोणीस मंजूर? शुद्धीवर होतात का?"

भाऊसाहेब कपाटाला टेकून उभ्याउभ्या घोरत होते.

साहेबांनी घरी फोन लावला. लेक धावत आली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि पोटरी नुसती दाबली. भाऊसाहेब असे किंचाळले, की रांगेतले चार जण परत गेले.

"बाबा, खरं सांगा. विश्रांती घेत होतात ना?"

भाऊसाहेबांनी डायरी पुढे केली. लेकीने ती वाचली. साहेबांनीही वाचली.

"हिशोब चोख आहे," साहेब म्हणाले.

"बाबा, अहो, शरीर म्हणजे काय तुमचं रजेचं रजिस्टर आहे? तीन आठवडे धावणं बंद. मॅरेथॉनही बंद."

भाऊसाहेबांना रडू आलं. शर्यतीचं त्यांना काही नव्हतं. लेकीबरोबर धावायचं राहून गेलं.

शर्यतीच्या दिवशी ते घरात बसले नाहीत. नंबर लावलेला टी-शर्ट वाया का घालवायचा म्हणून तोच अंगात चढवला, बस पकडली आणि चाळीस किलोमीटरच्या पाटीजवळ जाऊन उभे राहिले.

लेक आली, ती लंगडत. फूटपाथच्या कडेला बसून म्हणाली, "नाही जमत, बाबा. संपलं सगळं."

"अगं, ऊठ! मी आहे ना सोबत."

ती उठली. ती रस्त्यावरून आणि भाऊसाहेब फूटपाथवरून, असे दोघे निघाले. ते तिला लहानपणचे किस्से सांगत होते आणि ती हसत, रडत पळत होती. सहाशे मीटरनंतर भाऊसाहेबांना धाप लागली. "तू हो पुढे!" ते ओरडले आणि मटकन खाली बसले. लेक मात्र आता थांबणार नव्हती. वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते.

तेवढ्यात मदत पथकातल्या दोघी जणी चादर घेऊन धावत आल्या. "अरेरे काका, दीडच किलोमीटर राहिला होता हो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने त्यांच्या खांद्यावर चादर टाकली, दुसरीने हातात सोललेलं केळं दिलं. भाऊसाहेबांना नको म्हणवेना.

"या वयात एवढं धावलात! धन्य आहे तुमची. एकूण किती झाले?" तिने वहीत टिपायला पेन काढलं.

सत्तावीस वर्षांत भाऊसाहेबांनी कागदावर खोटा आकडा जाऊ दिला नव्हता.

"सहाशे मीटर," ते म्हणाले.

बाईंनी पेन खिशात ठेवलं, चादर काढून तिची घडी केली आणि केळं परत घेतलं.