फ्रिजमधली डबी

घरचा फ्रिज नीट चालतो ना, एवढंच डॉक्टरांनी विचारलं होतं. पण ज्याची हयात दुसऱ्यांचे फ्रिज दुरुस्त करण्यात गेली, त्याला हा प्रश्न साधा कसा वाटेल? कुणी खानदानावर शंका घ्यावी तसा फ्रिजवाल्यांचा चेहरा झाला. बायकोने घाईघाईने "चालतो, चालतो" म्हणून विषय मिटवला.

विषय मिटला मात्र नाही. बायकोला संधिवात होता, आणि तोही साधासुधा नव्हे. शरीराची राखण करायची ती शक्तीच डोकं फिरल्यासारखी घरच्याच सांध्यांवर उठली होती. सकाळी बोटं अशी सुजायची की साधं बटण लागायचं नाही. निम्म्या गल्लीचे कपडे शिवलेल्या बाईला हे फार लागत असे. गोळ्यांनी हात टेकले तेव्हा डॉक्टरांनी प्रथिनापासून बनवलेलं इंजेक्शन लिहून दिलं, आठवड्याला एक. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही, तापू द्यायचं नाही आणि उजेडही लागू द्यायचा नाही. त्यात चूक झाली तर औषध फुकट, आणि बोटांचं पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

फ्रिजवाल्यांनी कंबर कसली. त्यांनी फ्रिजमध्ये एक तापमापक ठेवला, त्यावर लक्ष ठेवायला दुसरा ठेवला, आणि दोघांचं पटेना म्हणून तिसरा आणला. आकडे बघायचे तर दार उघडावं लागे. दार उघडलं की आत ऊब शिरे, म्हणून ते बटण फिरवून थंडी वाढवत. मग औषध गोठेल या धास्तीने पुन्हा दार उघडत. दार उघडायचा हा मान फक्त त्यांचा होता. बाकीच्यांना दूध सकाळी एकदाच मिळे, ते नासलं तर ज्याचं त्याने बघावं. एकदा लेक केक घेऊन आली, तर तिला केक बाहेरच संपवायला सांगण्यात आलं.

"बाबा, हा फ्रिज आहे की तुरुंग?"

"तुरुंगात भेटायची वेळ तरी असते," फ्रिजवाले शांतपणे म्हणाले.

इंजेक्शन द्यायला वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई येत. ती बायकोची जुनी मैत्रीण. फ्रिजवाले बंद डबी दोन्ही हातांनी त्यांच्या स्वाधीन करत आणि गॅलरीत जाऊन पाठ फिरवून उभे राहत, कारण सुई दिसली की त्यांना घेरी येई. काम झालं की डबी तशीच बंद परत मिळे. उजेडाच्या धाकाने त्यांनी ती कधी उघडूनही पाहिली नव्हती. एक जिना उतरून येताना नर्सबाई पर्स कशाला आणतात, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण बायकांच्या पर्समध्ये नाक खुपसणाऱ्यांतले ते नव्हते.

एका दुपारी त्यांना कॉम्प्रेसर कण्हताना ऐकू आला. दुसऱ्या कुणालाच आला नाही. बायको नको नको म्हणत असताना त्यांनी प्लग काढला, फ्रिज भिंतीपासून ओढला आणि मागून खोलला. आत सगळं ठणठणीत होतं. पुन्हा जोडताना मात्र तार धरून ठेवणारा एक बारीक स्क्रू निसटून घरंगळला, आणि जमिनीवर लोळण घेऊनही तो त्यांना सापडेना. स्क्रूवाचून फ्रिज चालू होईना. दुसऱ्याच दिवशी इंजेक्शन होतं. फ्रिजवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डबी ओल्या टॉवेलात गुंडाळून ते अनवाणीच वर धावले.

"नर्सबाई, तुमच्या फ्रिजमध्ये जरा जागा द्या. हिच्या बोटांचा प्रश्न आहे."

नर्सबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. आधी चहा घ्या म्हणाल्या, मग फ्रिज साफ करायचाय म्हणाल्या. फ्रिजवाल्यांना एवढा धीर कुठला? त्यांनी आत जाऊन स्वतःच फ्रिज उघडला. मधल्या कप्प्यात तस्सीच एक डबी होती आणि तिच्यावर त्यांच्या बायकोचं नाव होतं. त्यांच्या हातातली डबी सुटून पडली, उघडली, आणि तिच्यातून पेनासारखं एक इंजेक्शन बाहेर आलं. त्यावर ठसठशीत लिहिलं होतं: फक्त सरावासाठी. आत ना सुई होती, ना औषध.

नर्सबाई खुर्चीवर टेकल्या. "भाऊजी, रागावू नका. अंगात सूज पेटवायचा निरोप घेऊन एक जण फिरत असतो. हे औषध म्हणजे त्याच्यासाठी मांडलेलं खोटं दार. तो तिथेच अडकून बसतो आणि खऱ्या दारापर्यंत पोचतच नाही. डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा तुमच्या बायकोला ही युक्ती फारच आवडली. तुमच्या उघडझापीतून औषध वाचवायला तिने तुमच्यासाठीही खोटी डबी मांडली, खरं औषध मी इथून पर्समधून नेते."

फ्रिजवाले खाली आले ते दातओठ खात. इतके दिवस आपण एका खेळण्याची राखण केली, आणि तीही स्वतःच्याच घरात. काय काय बोलायचं ते त्यांनी जिन्यातच ठरवलं होतं. स्वयंपाकघरात बायको फ्रिजमागे बसली होती.

"सापडला तुमचा स्क्रू," ती म्हणाली. फरशीच्या फटीत रुतलेला तो कण तिने सुई उचलावी तसा दोन बोटांत उचलला, भोकावर बरोब्बर टेकवला आणि बोटांनीच फिरवून आत बसवला. मग तिने पेचकसासाठी हात पुढे केला.

फ्रिजवाल्यांना पेचकस द्यायचं सुचेना. ते त्या बोटांकडे बघत राहिले.

"बोटं कधीपासून अशी चालायला लागली?"

"झाले की काही दिवस. सांगणार होते तुम्हाला. पण तुम्ही सारखे फ्रिजमध्ये डोकं घालून."

फ्रिजवाल्यांना स्वतःची लाज वाटली आणि आनंदही झाला, आणि दोन्ही लपवायला त्यांनी पेचकस घेऊन स्क्रू गरजेपेक्षा जास्तच आवळला. प्लग लावताच फ्रिज सुरू झाला. बायकोने विचारलं, आता सगळं उघड झालंच आहे, तर औषधाची डबी वरून खाली आणू का?

फ्रिजवाल्यांनी फ्रिजचं दार उघडून तिन्ही तापमापक पाहिले आणि दार लावलं.

"ती वरच असू दे," ते म्हणाले. "सरावाची मात्र मला आणून दे."